पाटील की पटेल

सर विल्यम नॉर्थ्रप मॅकमिलन हा गृहस्थ अमेरिकेत जन्मला, गडगंज श्रीमंत होता आणि माझ्यापेक्षा जाड होता. पहिल्या दोन गोष्टींचं मला काही नाही. तिसरी कळली तेव्हा मात्र परमुलखात गाववाला भेटावा तसं वाटलं. त्याच्या तलवारीचा कमरपट्टा चौसष्ट इंची होता, असं नैरोबीत सांगतात. माझा बेचाळीसचा आहे. पण माझं वय अजून गेलेलं नाही.

हा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीच्या नादानं पूर्व आफ्रिकेत आला आणि जमीनदार होऊन तिथलाच झाला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली शिकारीला आले, तेव्हा याच्याच जुजा फार्मवर पाहुणचार घेऊन गेले. पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीबद्दल इंग्रजांनी याला 'सर' केलं. १९२५ साली तो फ्रान्समधल्या नीस शहरात वारला. आपल्याला ओल डोन्यो साबुक या डोंगराच्या माथ्यावर पुरावं, अशी त्याची इच्छा. पण शवपेटी वर नेताना ट्रॅक्टरचा क्लच जळला म्हणतात, आणि साहेबांची कबर चढावर मध्येच खणावी लागली. मी साताऱ्याचा. अजिंक्यताऱ्याच्या पहिल्या वळणावर माझा क्लच दरवर्षी जळतो. त्यामुळे ही कथा खरी की खोटी याची चौकशी मी केली नाही.

त्याच्या बायकोनं, लेडी लूसी मॅकमिलन यांनी, नवऱ्याच्या आठवणीसाठी नैरोबीत दगडी ग्रंथालय बांधलं. त्यात अमेरिकेच्या कार्नेगी कॉर्पोरेशनचाही पैसा होता. १९३१ साली ते उघडलं. ही हकिगत मी मोठ्या कौतुकानं सौभाग्यवतींना ऐकवली. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, "अहो, तुमच्या नावानं काय बांधायचं ते आत्ताच सांगून ठेवा. बसस्टॉपपाशी एक बाकडं चालेल का?"

आम्ही दोघं तेव्हा लेकीकडे नैरोबीला होतो. ती आणि जावई पार्कलँड्समध्ये राहतात. हा भाग पिढ्यान्‌पिढ्या हिंदी लोकांचा. खाली उतरलं की पापड, गाठिया, अगरबत्ती सगळं हात जोडून उभं. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच माझ्याकडचं परदेशाचं सगळं आश्चर्य संपलं आणि मी रिकामा झालो. बँकेतून निवृत्त झालेला माणूस रिकामा झाला की तो काय करतो, हे घरोघरी ठाऊक आहे. तो सूचना करतो. जावयाच्या गाडीचा विमा, लेकीचा गॅस, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं जेवण अशा विषयांवर माझ्या सूचना होऊन गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, रविवारी आपल्या मराठी लोकांची गणपतीची मीटिंग आहे. तिकडे चला."

तिथे एका तरुणानं विचारलं, "काका, तुम्ही सध्या काय करता?"

आता 'काही नाही' असं खरं उत्तर द्यायला काय हरकत होती? पण समोर चहा होता, बायका ऐकत होत्या. मी म्हणालो, "थोडंफार संशोधन."

"कशावर?"

"इकडे आलेल्या आद्य मराठी माणसावर."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. पण मंडळी हरखली. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी आरतीनंतर अर्धा तास व्याख्यान, असं तिथल्या तिथे ठरलं. सौभाग्यवती माझ्याकडे पाहत होती. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायकोची नजर वाचायला चष्मा लागत नाही.

संशोधन म्हटलं की जुनी वर्तमानपत्रं, आणि नैरोबीत जुनी वर्तमानपत्रं म्हटलं की मॅकमिलन. एवढी माहिती, आणि दारात दोन सिंह आहेत ही खूण, जावयाकडून काढून मी सकाळी टॅक्सीत बसलो आणि रुबाबात म्हणालो, "लायब्ररी." त्यानं मला राष्ट्रीय ग्रंथालयाच्या दारात सोडलं. त्याचं काय चुकलं? मी आत जाऊन पहिल्याच टेबलापाशी विचारलं, "तुमचे सिंह कुठे आहेत?" त्या मुलीनं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की सिंह पाहायचे असतील तर नॅशनल पार्क आहे, पण आज पायांत या चपला घालून जाऊ नका.

मॅकमिलन ग्रंथालय शहराच्या मध्यावर, बांडा स्ट्रीटवर आहे. शेजारी जामिया मशिदीचे घुमट आणि मिनार, जवळच सिटी मार्केटातले फुलवाले, आणि मधोमध ही ग्रीक देवळासारखी खांबवाली इमारत. रुंद पायऱ्या, आणि दोन बाजूंना दोन दगडी सिंह. सिंह झोपाळू चेहऱ्याचे आहेत. असं ग्रंथालय समोर असताना आत न जाता बाहेर पडून राहिल्यावर दुसरं काय होणार म्हणा.

मला फोटो हवा होता. एका रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या हातात फोन दिला, सिंहापाशी जाऊन उभा राहिलो, आणि तेव्हा लेकीची ताकीद आठवली: भर बाजारात फोन बाहेर काढायचा नाही. सिंहाच्या आयाळीवर हात ठेवलेला माझा तो फोटो आजही आहे. त्यात सिंह निवांत आहे आणि मी भ्यालेलो आहे. त्या भल्या माणसानं फोटो काढला, फोन परत माझ्या हातात ठेवला आणि वर उपदेश केला, "म्झे, असा कुणाच्याही हातात फोन देत जाऊ नका." म्झे म्हणजे तिथलं आजोबा. मी खजील होऊन फोन पायमोज्यात खुपसला. मोज्यात फोन ठेवण्याची युक्ती माझी स्वतःची. ती लेकीलाही सुचली नव्हती, हे मला त्या वेळी अभिमानाचं वाटलं.

आत मोठा वाचनकक्ष. उंच छत, जुनी जड लाकडी कपाटं, आणि टेबलाटेबलांवर परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं. गणवेशातली, बिनगणवेशातली, कुणी बीजगणित घोकतंय, कुणी वहीत आकृत्या काढतंय. घरी अभ्यासाला जागा नसलेल्या पोरांना ग्रंथालय म्हणजे काय हे मला साताऱ्यामुळे ठाऊक आहे. मीही बँकेच्या परीक्षेचा अभ्यास वाचनालयातच केला, पंख्याखालच्या जागेसाठी भांडून. तर त्या शांततेत मी एक खुर्ची ओढली, बसलो, वही उघडली, वहीवर 'संशोधन' असं लिहिलं, खाली रेघ मारली. आणि माझ्या पायात गणपतीची आरती सुरू झाली.

रिंगटोन सौभाग्यवतीनं बसवलेला. टाळ, झांजा, ढोलकी, सगळं. आवाज मीच वाढवून ठेवलेला, कारण मला हल्ली कमी ऐकू येतं. फोन डाव्या मोज्यात, आणि डावा पाय ही माझ्या शरीराची अशी सरहद्द आहे की तिथे मी फक्त रात्री, पलंगावर बसून, उजव्या हातानं पलंगाचा खांब धरून पोचतो. मी वाकलो. पोट आडवं आलं. पाय वर घेतला तर गुडघा टेबलाला लागून समोरच्या मुलाची कंपासपेटी खाली पडली. शेवटी मी टेबलाखाली उतरलो. आरतीचं दुसरं कडवं तिथे, त्या मुलांच्या बुटांच्या सहवासात झालं. वर आलो तेव्हा सगळा वाचनकक्ष माझ्याकडे पाहत होता, आणि माझ्या कपाळाला मॅकमिलनसाहेबांच्या टेबलाची धूळ लागली होती. एक मुलगी हळूच म्हणाली, "गाणं छान आहे." फोन बायकोचा होता. तिला विचारायचं होतं की येताना कोथिंबीर आणाल का.

त्यानंतर ग्रंथपालबाई आल्या. मला वाटलं, आता बाहेर. पण त्यांनी फक्त विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय, सर?" एवढ्या सौजन्यानं मला आमच्या बँकेत कुणी बोललेलं आठवत नाही. मीही कुणाशी बोललो नव्हतो. मी आद्य मराठी माणसाचं सांगितलं. 'मराठी' समजावून सांगताना मुंबई, शिवाजीमहाराज आणि सचिन तेंडुलकर या क्रमानं जावं लागलं. तिसऱ्या नावाला त्या म्हणाल्या, "अच्छा!" आणि जुन्या वर्तमानपत्रांचा एक बांधीव खंड घेऊन आल्या.

जुना कागद मला चढतो. पहिल्या पानाला शिंका सुरू झाल्या. मी तोंडावर रुमाल बांधून वाचू लागलो. घोड्यांच्या शर्यती, सिसलचे भाव, कुणाच्या मळ्यावर बिबट्या, कुणाच्या मळ्यावर बिबट्याइतकीच त्रासदायक सासू (हे मी ओळींमधून वाचलं). मराठी आडनाव काही सापडेना. आणि मग, जेवणाची वेळ टळून गेल्यावर, एका कोपऱ्यात आगपेटीएवढी जाहिरात दिसली. किराणा, धान्य, तेल. मालकाचं नाव इंग्रजीत: पहिली तीन अक्षरं 'पी, ए, टी', शेवटचं 'एल', आणि मधल्या अक्षरावर शाईचा भलामोठा डाग.

मराठी वाचकांना पुढचं सांगायला नको. 'आय' असेल तर पाटील, 'ई' असेल तर पटेल. नैरोबीत किराणा दुकान काढणारा माणूस पाटील असेल की पटेल, यावर एक मिनिट विचार केला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी भिंग मागितलं. भिंगातून डाग मोठा दिसला. उजेडाकडे धरला तर डागाच्या आत मला एक सरळ उभी रेघ दिसली. अगदी स्पष्ट. 'आय'सारखी. किंबहुना तिच्यावर टिंबही होतं. ते टिंब माझ्याच शिंकेचं असावं, हे मला पुढे सुचलं.

बाहेर येऊन, जीवनजी गार्डनमधल्या बाकावर बसून, भोवती दुपारचे धर्मोपदेशक कुणाकुणाला नरकात पाठवत असताना, मी घरच्या ग्रुपवर लिहिलं: 'सापडला.' साताऱ्याहून तीन अंगठे आणि एक मोदक आला. मराठी मंडळींनी संध्याकाळपर्यंत पत्रक तयार केलं: 'नैरोबीतील आद्य मराठी उद्योजक श्री. पाटील: एक शोध'. माझा फोटोही घातला. सिंहापाशी घाबरलेला.

पुढच्या खेपेला मी ग्रंथालयात शिरलो तो मालकासारखा. फोन घरी ठेवून. बाई माझीच वाट पाहत होत्या. "सर, आनंदाची बातमी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या आठवड्याचा अंक उघडला. मी गेल्यानंतर त्यांनी आपण होऊन शोधला होता. तीच जाहिरात, तोच कोपरा, डाग नाही. पी, ए, टी, ई, एल. पुढे 'अँड ब्रदर्स'.

मी बराच वेळ भिंग धरून बसलो. भिंगात 'ई' फार मोठा दिसतो.

"कदाचित छापणाऱ्याची चूक असेल," मी म्हणालो.

"त्यापुढच्या अंकातही तीच आहे," त्या म्हणाल्या. फार सहृदय बाई. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं असावं की माझा कुणी आप्त वारला. त्यांनी पाणी आणून दिलं आणि माझं मन रमवायला म्हणून इमारतीची गोष्ट सांगायला बसल्या. डॅनिश लेखिका कॅरन ब्लिक्सन १९३१ मध्येच कॉफीचा मळा बुडाल्यावर मायदेशी परतली, तेव्हा तिचं काही फर्निचर लेडी मॅकमिलननी घेतलं आणि ते या ग्रंथालयात आलं, असं सांगितलं जातं. मी लगेच खुर्चीत सावरून बसलो, न जाणो. या इमारतीसाठी १९३८ साली खास स्वतंत्र कायदा झाला, तो अजून हिचं रक्षण करतो. मग त्या सहज बोलल्या, "तुमचा माणूस पाटील असता काय नि पटेल असता काय, या दारातून आत येऊ शकला नसता. ही लायब्ररी गोऱ्यांची होती. १९५८ साली सगळ्यांना उघडली. १९६२ला नगरपालिकेकडे आली. माझ्या आजोबांनी या पायऱ्या बाहेरूनच पाहिल्या."

मी तेवढ्यात सावरलो नव्हतो, तरी बँकेत हिशेब जुळवण्याची सवय जात नाही. इथे ज्या 'स्टँडर्ड' वर्तमानपत्राचे खंड जपून ठेवलेत, ते विसाव्या शतकाच्या आरंभी मोंबासात सुरू कोणी केलं? अलिभाई मुल्ला जीवनजींनी. कराचीत जन्मलेला बोहरी माणूस, युगांडा रेल्वेला मजूर आणि माल पुरवणारा कंत्राटदार. १९०५ला त्यानं ते गोऱ्यांना विकलं. गेल्या खेपेला मी ज्या बागेत बसून 'सापडला' असं लिहिलं, ती बाग त्यानंच शहराला दिलेली. म्हणजे पेपर काढणाऱ्याला तो पेपर इथे येऊन वाचायची सोय नव्हती. आमच्या गावच्या वाचनालयात वर्गणी थकलेल्याला पेपर देत नाहीत, एवढंच मी तोवर पाहिलेलं.

तर व्याख्यान. पत्रकं वाटून झालेली. आरती झाली (या वेळी योग्य ठिकाणी), मोदक झाले, आणि मी उभा राहिलो. पाटलांविषयी जे होतं ते मी अर्ध्या मिनिटात सांगितलं: ते पटेल निघाले. उरलेल्या साडेएकोणतीस मिनिटांत मी मॅकमिलनचा कमरपट्टा, क्लच, सिंह, आरती, डाग, ब्लिक्सनबाईंच्या खुर्च्या आणि १९५८ हे सगळं ओतलं. अलीकडे अँजेला वाचुका आणि वांजिरू कोइनांगे या दोघींनी 'बुक बंक' नावाची संस्था काढून मॅकमिलन लायब्ररी आणि तिच्या कालोलेनी, ईस्टलँड्स इथल्या शाखांची डागडुजी हाती घेतली, हेही सांगितलं. गोऱ्यांसाठी ठेवलेल्या जुन्या संग्रहात आफ्रिकी भाषांतली, आफ्रिकी लेखकांची पुस्तकं आणायचं मोठं काम त्या करतायत. लोक आरतीच्या प्रसंगाला हसले. बाकीच्याला माना डोलवत होते, पण मोदकानंतरच्या मानेवर मी फार विश्वास ठेवत नाही.

"प्रश्न?" संयोजक म्हणाले.

पहिल्या रांगेतला एकजण म्हणाला, "मग पाटलांचं नक्की काय?"

दुसरा प्रश्न मागून आला. रवा आणि तूप ज्यांच्या दुकानातून येतं ते वयस्क गुजराती गृहस्थ दरवर्षी दर्शनाला येतात म्हणे. ते काठी टेकत उभे राहिले. पोटात गोळा आला. आता हे सांगणार की तो पटेल माझाच आजा. पण ते हिंदीत म्हणाले, "भाई, मी शाळेतून येताना त्या सिंहांपाशी थांबायचो. वर चढायचं नाही, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. आमच्यासाठी देसाई मेमोरियल होतं, मणिलाल देसाईंच्या नावाचं. पुस्तकं तिथे वाचली. मॅकमिलन आतून कसं आहे हो?"

"१९५८ला दार उघडलं, तेव्हा तुम्ही गेला नाहीत?" मी विचारलं.

"तोपर्यंत बापानं गल्ल्यावर बसवलं होतं. लायब्ररी उघडी असायची तेव्हा दुकानही उघडं असायचं."

मग मी आणखी एक सूचना केली. त्या मुक्कामातली ही एकच सूचना कुणीतरी मानली. जावयानं सोमवारी त्या गुजराती काकांना नि मला बांडा स्ट्रीटवर सोडलं. पायऱ्या चढायला काकांना वेळ लागला, मला त्याहून जास्त. मधेच थांबून मी त्यांना सिंहाच्या आयाळीवर हात ठेवायला सुचवलं, फोटोसाठी. त्यांनी सिंहाकडे ढुंकून पाहिलं नाही. आत गेल्यावर छताकडे, खांबांकडे, कपाटांकडेही नाही. ग्रंथपालबाई कौतुकानं माहिती सांगायला लागल्या तेव्हा त्यांनी हात जोडले आणि थेट आजच्या पेपरांच्या टेबलाकडे गेले. सगळ्यात रुंद खुर्ची पाहिली. बसले. चष्मा पुसला.

मला तेवढ्यात मथळा पाहायचा होता. आमच्या वाचनालयातले सगळे डावपेच मी वापरले. समोर बसून उलट्या बाजूचं पान वाचलं. खोकलो. घड्याळ पाहिलं. शेवटी पहिला पेपर वाचून झाला, त्यांनी नीट घडी घातली, आणि मी हात पुढे केला. त्यांनी ती घडी शांतपणे मांडीखाली सरकवली आणि दुसरा पेपर उचलला.

"काका, तो खालचा मला द्या ना," मी कुजबुजलो. शेजारच्या मुलीनं ओठांवर बोट ठेवलं. गाणं छान आहे म्हणणारी तीच.

"थोभो, भाई," मान वर न करता ते म्हणाले, "हजी क्रिकेट बाकी छे."